सुकाणूचा ताबा

अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याच्या जलाशयावर आश्विन सरताना जे स्वच्छ, निवळलेले दिवस येतात, त्यांच्या वर्णनात रमण्याचा मोह कोणालाही पडावा. परंतु मला येथे सांगायचे आहे ते त्या दिवसांविषयी नव्हे, तर रतनवाडीच्या दिशेने निघालेल्या एका होडीच्या मागच्या टोकाशी बसलेल्या नावाड्याच्या हाताविषयी. १९१० साली आरंभ होऊन १९२६ साली पुरे झालेल्या विल्सन धरणाने अडवलेल्या प्रवरेच्या पाण्यावर आमची होडी चालली होती. इंजिनाचा दांडा नावाड्याच्या पंजात आवळलेला नव्हता, गाभण म्हशीच्या पाठीवर गवळ्याचा हात असतो तसा तो हात त्यावर केवळ विसावलेला होता. मध्येच डोक्याचा रुमाल सुटला म्हणून तो नीट बांधण्यासाठी त्याने दांडा सोडला, आणि चार पळे उलटली न उलटली तोच होडीचे नाक आपसूक किनाऱ्याकडे कलू लागले. कोणी तिला वळवले नव्हते; तिला सरळ ठेवणारे जे होते ते क्षणभर दूर झाले होते, इतकेच. रुमाल बांधून झाला, हात दांड्यावर आला, नाक पुन्हा रतनगडाच्या रोखाने स्थिर झाले. आणि समोर बसलेल्या सहा प्रवाशांपैकी पाचांच्या हे ध्यानातही आले नाही.

हात नसताना नौका सरळ ठेवणे हे काम गेली शंभर वर्षे माणसाने यंत्रावर सोपवलेले आहे. मोठ्या जहाजांवर आणि आता तीस फुटी हौशी शिडाच्या होड्यांवरही ते यंत्र असते. खलाशी त्याला ऑटोपायलट किंवा नुसते ‘ऑटो’ म्हणतात. ते कसे चालवावे हे शिकायला एक सकाळ पुरते. परंतु चाललेल्या यंत्राच्या हातातून सुकाणू तातडीने, आणि तेही कोणाला इजा न होता, परत कसे घ्यावे, हा प्रश्न गेली काही वर्षे माझी पाठ सोडत नाही. आणि त्याची जी उत्तरे जाणत्यांकडून व स्वतःच्या फजितीतून मिळाली, ती सविस्तर मांडावीत असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

समुद्रापासून इतक्या अंतरावर, घाटमाथ्याच्या अलीकडे बसून हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, १४९० साली मलिक अहमदाने जे नगर वसवले आणि जे आता अहिल्यानगर या नावाने ओळखले जाते, त्या नगरच्या निजामशाहीची समुद्राकडची खिडकी चौल हे बंदर होते. अरबी घोडा चौलच्या धक्क्यावर उतरायचा आणि घाट चढून आमच्या मुलखात यायचा. १५०८ साली त्याच चौलच्या खाडीत पोर्तुगिजांची आणि इजिप्त-गुजरातच्या संयुक्त आरमाराची लढाई झाली, तेव्हा पोर्तुगीज सेनापती लोरेन्सो द आल्मेदा याचे जखमी जहाज निसटून जाताना कोळ्यांनी जाळी लावण्यासाठी रोवलेल्या खुंटांत अडकले, सुकाणू फिरवून उपयोग होईना, आणि तेथेच तो मारला गेला. कोळ्यांचे ते खुंट पुढे या लेखात पुन्हा येणार आहेत, म्हणून वाचकांनी ते ध्यानात ठेवावेत. आणि ‘सुकाणू’ हा शब्द तरी कोठला? अरबीतला ‘सुक्कान’ गलबतांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागला आणि मराठीने त्याला असे घरचे करून घेतले की, आज आपण राज्याचे, संस्थेचे, कुटुंबाचेही सुकाणू कोणाच्या हाती आहे असे सहज विचारतो. चाक फिरवणाऱ्या खलाशालाही हिंदी जहाजांवर ‘सुकानी’ म्हणत.

अलीकडच्या काळातले उदाहरण याहून बोलके आहे. एकट्या भारतीयाने, भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून, पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास ज्यांनी धरला, ते व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहत होते सातारा जिल्ह्यात फलटणजवळच्या विंचुर्णीस, म्हणजे आमच्यासारख्याच अवर्षणाच्या मुलखात. १९७१ च्या युद्धात ‘कमोर्टा’ या युद्धनौकेचे नेतृत्व करून वीरचक्र मिळवलेला हा दर्यावर्दी माणदेशाच्या उंबरठ्यावर बसून समुद्राची स्वप्ने पाहत राहिला आणि ती त्याने दुसऱ्यांकडून खरी करून घेतली. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात डच आराखड्यावरून छप्पन्न फुटी ‘म्हादेई’ तयार झाली. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौसेनेत दाखल झाली. आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टला कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून तिच्यात एकटे निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केप टाउन असे चार मुक्काम करून २०१० च्या मे महिन्यात ते परतले, आणि एकट्याने पृथ्वीला वळसा घालणारे पहिले भारतीय ठरले. त्यांच्या मागोमाग अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याच ‘म्हादेई’त निघाले ते कोठेही न थांबता पुढल्या मार्चअखेरीस मुंबईत आले.

एकटा माणूस महिनोन् महिने समुद्रावर असतो तेव्हा त्याला झोप लागतेच, स्वयंपाक करावा लागतो, फाटलेले शीड शिवावे लागते; त्या सगळ्या वेळात सुकाणूवर दुसरे कोणीतरी हजर असल्याशिवाय हा प्रवास होणे नाही. यंत्र हा त्या प्रवासातला न बोलणारा, न जेवणारा दुसरा माणूस असतो. दुसरा माणूस म्हटले की त्याच्याशी कामाची देवघेव आली, आणि देवघेव कशी करावी याचे रीतिरिवाज आले.

यंत्र काय करते ते थोडक्यात समजून घेतले पाहिजे, नाहीतर ते काढून घेण्याची रीत समजणार नाही. त्यात चार असाम्या काम करतात असे समजा. एक विजेरी होकायंत्र, जे नौकेचे नाक कोणत्या दिशेला आहे ती खबर अखंड देत राहते. दुसरे एक लहानसे गणकयंत्र, जे ठरवून दिलेली दिशा आणि आलेली खबर यांतला फरक पाहून हुकूम काढते. तिसरा विजेवर वा तेलाच्या दाबावर चालणारा बाहू, जो त्या हुकुमाप्रमाणे सुकाणू ढकलतो. आणि चौथा सुकाणूपाशी बसवलेला एक खबऱ्या, जो ‘सुकाणू इतके वळले’ अशी इतला उलट पाठवतो. एवढ्याने भागले असते तर नौका नागमोडी चालली असती, कारण नाक जागेवर आल्यावर सुकाणू सरळ करू म्हणणारा सुकानी नेहमी उशीर करतो. प्रवरानगरच्या कारखान्याकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत निघालेला ट्रॅक्टर लोणीच्या वळणावर पाहावा. मागची ट्रॉली पुरती वळण्याआधीच जाणता चालक चाक उलट फिरवू लागतो, नवखा तिची वाट पाहतो आणि रस्त्याच्या कडेला जातो. निकोलस मिनोर्स्की नावाच्या रशियात जन्मलेल्या अभियंत्याने १९२२ साली हीच गोष्ट गणिताच्या भाषेत मांडली: चूक किती आहे एवढेच नव्हे, ती किती वेगाने वाढते आहे आणि किती काळ साचत आली आहे, हेही अनुभवी सुकानी मनात धरतो. अमेरिकी युद्धनौका ‘न्यू मेक्सिको’वर पुढच्या वर्षी त्याचे प्रयोग झाले. आज साखर कारखान्यातल्या बाष्पकाचा दाब राखणाऱ्या नियंत्रकापासून अवकाशयानापर्यंत जे तत्त्व चालते, त्याचा उगम एका माणसाने जहाजावरच्या सुकानींचे हात लक्षपूर्वक पाहिले यात आहे, हे मला फार हृद्य वाटते.

परंतु त्या यंत्राला पुढे काय आहे ते दिसत नाही. दिशा राखणे ही त्याची नेमणूक. समोर खडक असो, जाळे असो की पाण्यात पडलेला माणूस असो, त्याच्या दप्तरात त्याची नोंद नाही. एवढेच नव्हे, तर होकायंत्राच्या शेजारी कोणी पान्ह्यांची पेटी किंवा ध्वनिक्षेपक ठेवला तर खबर आणणाराच फितूर होतो, आणि मग चुकीच्या खबरेवर बिनचूक अंमलबजावणी होत राहते.

आता माझी फजिती सांगतो. मांडव्याहून रेवदंड्याकडे, म्हणजे त्या जुन्या चौलच्या खाडीच्याच रोखाने, एका स्नेह्याच्या लहान शिडाच्या होडीतून आम्ही तिघे चाललो होतो. सुकाणूला चाक नव्हते, लाकडी दांडा होता. आणि त्या दांड्याला कोपराएवढ्या लांबीचा एक यांत्रिक बाहू आडवा जोडलेला होता. त्याचे एक टोक होडीच्या कडेला खोबणीत, दुसरे दांड्यावरच्या बोटभर उंचीच्या खिळीवर. तो बाहू आत-बाहेर सरके तेव्हा रहाटाच्या कण्यासारखा बारीक कुरकुरे. स्नेही खाली चहा ठेवायला गेले आणि ‘लक्ष ठेवा’ एवढे मला सांगून गेले. दहा मिनिटांत समोर, अगदी नाकापुढे, कोळ्यांच्या डोल जाळ्याचे पांढरे पिंप पाण्यावर डुलताना दिसले, आणि त्यापलीकडे पाण्याबाहेर वीतभर डोकावणारे खुंट. मी उठलो, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि जोराने ढकलला.

दांडा हलला नाही. हलला नाही म्हणण्यापेक्षा, दोन बोटे हलला आणि तितकाच मागे आला. कारण होडीचे नाक किंचित वळल्याबरोबर यंत्राने आपले कर्तव्य ओळखून ते पूर्ववत आणण्यास प्रारंभ केला होता. मी जितका जोर करी तितका ते उलट जोर करी. माझ्या अंगात त्या वेळी जी भीती शिरली ती खुंटांची नव्हती; आपण ज्याच्याशी झुंजतो आहोत ते आपलेच आहे, आपल्याच आज्ञेत आहे, आणि तरीही ऐकत नाही, याची ती भीती होती. माझी हाक ऐकून स्नेही वर आले. त्यांनी दांड्याला हातही लावला नाही. तळवा बाहूच्या खाली घातला, एक झटका देऊन तो खिळीवरून वर उचलला, तो अधांतरी कुरकुरत राहिला, आणि मग एका हाताने दांडा हवा तिकडे नेला. पिंप आमच्या उजव्या अंगाने, दोन वावांच्या अंतराने गेले.

सगळे मिळून तीन श्वास लागले असतील. परंतु त्या तीन श्वासांत क्रम काय होता, हे मला रात्री झोप येईना तेव्हा उमगले. मी आधी वळवायला गेलो. त्यांनी आधी यंत्राला कामावरून दूर केले आणि मग वळवले. तातडीच्या वेळी माणसाचे मन धोक्याकडे धावते, हात सुकाणूकडे धावतात, आणि मध्ये कोणीतरी अधिकारावर बसलेले आहे याचा विसर पडतो. कारभार काढून घेतल्यावाचून हुकूम चालत नाही, ही आपल्या कचेऱ्यांतली जुनी समज समुद्रावरही तितकीच खरी आहे.

स्नेह्यांनी मग मला शांत पाण्यात हे पुन्हा पुन्हा करायला लावले, आणि त्या सरावात जे कळले ते पुस्तकातून कळले नसते. यंत्राच्या पाटीवर ‘स्टँडबाय’ म्हणून एक कळ असते. ती दाबली की यंत्र सुकाणू सोडते. बहुतेक वेळा तेवढे पुरते. परंतु ती दाबण्याआधी दुसरा हात सुकाणूवर घट्ट असावा लागतो, याचे कारण असे की, वाऱ्याच्या दाबाने नौका एका बाजूला वळू पाहत असते आणि यंत्राने तो दाब बराच वेळ उलट बाजूने तोलून धरलेला असतो. आपण नुसती कळ दाबली तर धरून ठेवलेली गाय दावे सुटताच जशी उसळी घेते तशी नौका उसळते, चाक गरगर फिरते, आणि त्याच्या आऱ्यांत मनगट सापडते. कळ दाबूनही सुकाणू सुटले नाही, तर दांड्याच्या होडीत बाहू खिळीवरून उचलावा. चाकाच्या नौकेत बाहू खाली कप्प्यात असतो आणि तेथे हात पोहोचणार नाही, म्हणून विजेच्या पेटीतला त्या यंत्राचा खटका खाली पाडावा, की बाहूची विजेरी पकड निसटते. तो खटका नेमका कोणता हे अंधारात बोटांना कळले पाहिजे. आमच्या स्नेह्यांनी त्यावर दोऱ्याचे चार वेढे दिले होते ते याचसाठी. आणि चाकापासून सुकाणूपर्यंतची तारच तुटली असेल, तर सुकाणूच्या खांबावर थेट बसवण्याचा एक जाड संकटकालीन दांडा प्रत्येक नौकेवर असतो. तो सामानाच्या तळाशी गाडला गेला असेल तर असून नसल्यासारखा.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे मी प्रथम दुर्लक्ष केले. शिडाच्या नौकेत एकदम वळणे हे मोटार वळवण्यासारखे नाही. वारा मागून येत असेल आणि सुकाणू भलत्या बाजूला गेले, तर शिडाच्या तळाची आडवी काठी, जिला खलाशी बूम म्हणतात, ती एका कडेवरून दुसऱ्या कडेला डोक्याच्या उंचीवरून झेपावते. तिच्या वाटेत कोणी उभा असला तर तो समुद्रात जातो किंवा जिवानिशी जातो. म्हणून ताबा घेताना तोंडही उघडायचे असते: मोठ्याने ओरडायचे, सगळ्यांनी वाकावे असे सांगायचे, मग वळवायचे. आणि एकटा खलाशी स्वतःच पाण्यात पडला तर? यंत्र त्याला मागे टाकून आपली नेमलेली दिशा निष्ठेने राखत निघून जाईल. म्हणूनच एकट्याने जाणारे लोक दोराने स्वतःला नौकेशी बांधून घेतात. यंत्राच्या एकनिष्ठेचे इतके भीषण रूप दुसरे नसेल.

हे झाले लहान होडीचे. पण याच गोष्टीचा सर्वांत मोठा आणि दारुण दाखला एका महाकाय जहाजाचा आहे. ‘टोरी कॅनियन’ हे जवळजवळ तीनशे मीटर लांबीचे तेलवाहू जहाज सुमारे एक लाख वीस हजार टन खनिज तेल घेऊन कुवेतहून वेल्समधील मिलफर्ड हेवनकडे निघाले होते. १८ मार्च १९६७ च्या रात्रीची भरती गाठली नाही तर त्या बंदरात शिरण्यासाठी पुढचे कित्येक दिवस खोळंबावे लागणार, ही टोचणी कप्तान पास्त्रेंगो रुजाती यांच्या मागे होती. सकाळी सिली बेटे जेथे दिसायला हवी होती त्याच्या विरुद्ध बाजूला दिसली. प्रवाहाने जहाज सरकले होते. बेटांना बाहेरून वळसा घालण्याऐवजी कप्तानांनी बेटे आणि ‘सेव्हन स्टोन्स’चा खडकाळ पट्टा यांमधून जाण्याचे ठरवले. पूर्ण वेग, यंत्रावर सुकाणू. वळायचे तेथे मासेमारी होड्या आणि त्यांची जाळी आडवी आली, म्हणून वळणे लांबले. त्यातच एका कनिष्ठ अधिकाऱ्याने मांडलेला नकाशावरचा ठिकाणा चुकीचा निघाला. पावणेनऊच्या सुमारास खडक आपल्या नाकापुढे आहेत हे स्पष्ट झाले, आणि कप्तानांनी सुकान्याला हाक मारली: चाक डावीकडे, पुरते.

सुकान्याने चाक फिरवले. जहाज वळले नाही.

त्या जहाजावर सुकाणूचा अधिकार ठरवणारी एक खिट्टी होती आणि तिला तीन जागा होत्या. एका जागी सुकाणू हाताच्या चाकाला जोडलेले, दुसऱ्या जागी यंत्राला. आणि तिसरी जागा दुरुस्तीच्या कामासाठी, जेथे चाक सुकाणूपासून तुटलेले असते. खिट्टी त्या तिसऱ्या जागी होती. यंत्र दूर झाले होते, माणूस जोडला गेला नव्हता. लाखभर टनांचे जहाज पंधरा नॉटांहून अधिक वेगाने चालले होते आणि त्याचे सुकाणू कोणाच्याच हाती नव्हते. कप्तानांना आधी वाटले विजेची तार वितळली असेल. ती पाहिली, ठीक होती. मग वाटले तेलाचा पंप बंद पडला. म्हणून यंत्रखोलीला फोन लावला, तो घाईत चुकीच्या ठिकाणी लागला आणि पलीकडून न्याहारीची विचारणा झाली. तेवढ्यात खिट्टीकडे नजर गेली. ती सरकवली, चाक फिरवले, जहाज वळू लागले. पण आठ वाजून पन्नास मिनिटांनी ते पोलार्ड खडकावर चढले. कॉर्नवॉलचे आणि पुढे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताचे किनारे तेलाने काळे झाले, पक्षी हजारोंनी मेले, आणि ब्रिटिश विमानांना ते भग्न जहाज बाँब टाकून जाळावे लागले. जहाजांपासून होणाऱ्या प्रदूषणाविषयीचा १९७३ चा आंतरराष्ट्रीय करार त्या राखेतून निघाला.

चौकशीने सारा दोष कप्तानांवर ठेवला आणि त्यांचा परवाना गेला. मार्ग त्यांनी निवडला होता, वेग त्यांनी कमी केला नव्हता, हे खरे आहे, आणि त्याबद्दलचा इन्साफ मी बदलू म्हणत नाही. परंतु ज्या एकाच खिट्टीने सुकाणूचा मालक ठरतो, तिला ‘मालक कोणीही नाही’ अशी जागा असावी, आणि ती जागा चालू प्रवासात नुसत्या धक्क्याने येण्यासारखी असावी, ही रचना करणाऱ्यांना कोणी काही विचारले की नाही, हा प्रश्न मला जाळतो. माणसाने यंत्राला सोपवावे, यंत्राकडून माणसाने घ्यावे. या दोहोंच्या मध्ये जी रिकामी फट राहते तिच्यात जहाजे बुडतात.

त्या फटीवर आता नियमाचा पहारा आहे. समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या ‘सोलास’ करारातील पाचव्या प्रकरणाच्या चोविसाव्या कलमाने असे मुक्रर केले आहे की, जहाजांची गर्दी असेल, धुके वा अन्य कारणाने दिसत नसेल, किंवा अन्य धोक्याची परिस्थिती असेल, तेव्हा सुकाणू हातावर तत्काळ घेता आले पाहिजे. पात्र सुकानी विनाविलंब उपलब्ध असला पाहिजे. यंत्रावरून हातावर आणि हातावरून यंत्रावर बदल जबाबदार अधिकाऱ्याने स्वतः वा त्याच्या देखरेखीखालीच व्हावा. आणि यंत्र दीर्घकाळ चालल्यानंतर हाताचे सुकाणू चालते की नाही हे तपासून पाहावे. प्रयाणापूर्वी बारा तासांच्या आत सुकाणूची तपासणी आणि तीन महिन्यांतून एकदा संकटकालीन सुकाणूची कवायत, हेही त्याच करारात आहे. संगमनेरला स्थायिक झालेले एक निवृत्त कप्तान मला सांगत होते की, या सगळ्या कलमांहून त्यांचा भरवसा होता तो तोंडी रिवाजावर. ताबा घेणारा मोठ्याने म्हणतो, ‘हातावर घेतले’. देणारा तेच शब्द पुन्हा उच्चारतो. आणि घेणारा चाक दोन्ही बाजूंना थोडे फिरवून, सुकाणूचा काटा खरोखर हलतो आहे हे पाहून, मग पुढचा हुकूम मागतो. ‘टोरी कॅनियन’वर तो काटा पाहिला असता तर, असे म्हणून ते थांबले, आणि बराच वेळ पुढे बोलले नाहीत.

विजेशिवाय चालणारेही एक यंत्र आहे: वाऱ्यावर झुलणारे पाते, जे नौकेचा आणि वाऱ्याचा कोन राखते. १९६८-६९ साली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी एकट्याने, कोठेही न थांबता, पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘सुहेली’ नावाच्या ज्या सागवानी नौकेतून, ती मुंबईत बांधलेली होती, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. त्यांचे वाऱ्याचे पाते ऑस्ट्रेलियाच्या आसपास निकामी झाले. उरलेली निम्मी पृथ्वी त्यांनी शिडांचा तोल साधून आणि हाताने सुकाणू धरून ओलांडली. याच ‘सुहेली’ची प्रतिकृती म्हणून दिवाडीला ‘तुरिया’ बांधली गेली आणि अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत तिच्यातून उतरले; २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातील वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली, आणि तीन दिवसांनी त्यांना वाचवण्यात आले. आवटी त्यानंतर सहा आठवड्यांनी वारले. टॉमी मात्र पुन्हा त्याच शर्यतीत उतरले, आणि त्या वेळी वाऱ्याच्या यंत्राचे सुकाणू तुटले तेव्हा शौचकुपाच्या दाराची फळी कापून त्यांनी नवे केले, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या क्रमांकाने पोहोचले. दाराची फळी हे सुकाणू होऊ शकते हे ज्याला सुचते, त्याचा हात सुकाणूवरून कधीच उठलेला नसतो, मग ते प्रत्यक्षात यंत्र धरो की वारा.

‘म्हादेई’ची धाकटी बहीण ‘तारिणी’ही त्याच कारखान्यातली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौसेनेच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून तिच्यात निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परतल्या. पॅसिफिकमध्ये साठ नॉटांचे वादळ त्यांनी सोसले. पण शेवटच्या टप्प्यात, घर जवळ आलेले असताना, सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्यामुळे ठरलेले नसतानाही मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात त्यांना शिरावे लागले. वादळ निभावते आणि सांधा निसटतो, हा समुद्राचा शिरस्ताच आहे.

रतनवाडीला अमृतेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही परत निघालो तेव्हा ऊन उतरले होते आणि पाण्यावर रतनगडाची सावली पडली होती. जलाशयाच्या मध्यावर आल्यावर मी नावाड्याला विचारले की, थोडा वेळ मला दांडा धरू द्याल का. त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा दूरच्या किनाऱ्याकडे पाहिले, बाजूला सरकून मला शेजारी बसवले. मी हात दांड्यावर ठेवला. त्याचा हात तेथेच होता. माझ्या बोटांखाली इंजिनाची थरथर आणि त्याच्या बोटांची ऊब दोन्ही लागत होती.

“धरला का नीट?” त्याने विचारले.

“धरला,” मी म्हणालो.

“थोडा हलवून बघा. उलटा जातो तो. उजवीकडं ढकलला की होडी डावीकडं.”

मी दांडा किंचित उजवीकडे ढकलला. नाक डावीकडे गेले. मग दुसऱ्या बाजूला. त्याने ते नाक दोन्ही वेळा वळताना पाहिले, आणि तेव्हा कोठे हात काढून घेतला.